धुतलेली जखम

पारा उणे एकतीस. सरोवरावरचा वारा थंडर बे शहरातल्या इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेपर्यंत शिरला होता. इर्या लाहतिनेन ओल्या कापडावर पांढरी भुकटी टाकून तपासणीच्या यंत्राची कार्बनची कांडी घासून साफ करत होती. इंग्रजी आठाचा आकडा गिरवत, दातओठ खात. तेवीस वर्षं या प्रयोगशाळेत काढलेली बाई रोज कुणावर तरी चिडूनच कामाला लागायची. आज कारण खरं होतं.

ऑर्व्हल पेलेतिये. धान्याच्या कोठारांत उभा जन्म काढलेला म्हातारा, साखरेचा आजार, तळपायाला जखम. अशा जखमेतला एक चिवट जंतू निळं-हिरवं द्रव्य ओकतो. ते कांडीला लागलं की वीज उसळते आणि पडद्यावर टेकाड उठतं. काल ऑर्व्हलच्या नमुन्याला टेकाड उठलं नव्हतं. म्हणून डॉक्टर व्हिटकोम त्याला नेहमीच्या गोळ्या देऊन आज घरी धाडणार होते. त्या गोळ्यांना हा जंतू भीक घालत नाही. पाय गेलाच म्हणायचा. आणि काल त्याच्या खाटेपाशी इर्याला द्राक्षांसारखा गोडसर वास आला होता, या जंतूचाच.

ती तडक वर गेली. नर्स डार्लीन म्हणाली, काल मिठाच्या पाण्यानं जखम स्वच्छ धुतली, मगच नमुन्यासाठी बोळा फिरवला.

"धुतलीस? अगं, चोर आत बसलाय आणि तू त्याची पावलं पुसलीस. मला पावलंच हवी होती."

"मग 'आधी जखम धुवा' असं भिंतीवर कशाला लिहून ठेवलंयस?"

कागद इर्याच्याच अक्षरातला. जंतू वाढवून बघायच्या जुन्या तपासणीला धुणं बरोबरच होतं. नवं यंत्र आलं, कागद तसाच राहिला. तिचा राग तिच्यावरच उलटला.

कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात ऑर्व्हलच्या पायाची नुकतीच सोडलेली पट्टी होती, हिरवट. तिनं ती उचलली. कोट घालून बसलेला ऑर्व्हल म्हणाला, "पोरी, माझा पाय घेऊन कुठं निघालीस?"

"तुझ्यापाशीच ठेवायला. कोट काढ."

खाली यंत्रावर पट्टी तपासली, पाच मिनिटांत टेकाड उठलं. ती निकाल घेऊन वर गेली तेव्हा डॉक्टर कुरकुरले, कचऱ्यातला नमुना नियमात बसत नाही, सोमवारी जुन्या तपासणीचा निकाल येईलच.

"तोवर जंतू थांबणार आहे का? विचारून या त्याला."

त्यांनी तिच्याकडे न बघता शिरेतून द्यायचं दुसरं औषध लिहिलं. ऑर्व्हलचं घरी जाणं रद्द झालं.

इर्यानं भिंतीवरचा कागद टराटरा फाडला, खाली आली, कापड ओलं केलं आणि पुन्हा कांडी घासायला बसली.