चादरकाका आणि न उघडणारा टॅब

चादरकाका कुठलीही वस्तू आधी पालथी करत. उभा जन्म चादरींच्या दुकानात गेलेला. गिऱ्हाईक वरच्या फुलांना भुललं की हे स्वतःच चादर उलटून मागचे सुटलेले धागे दाखवायचे आणि मालक डोळे वटारायचा. घरी भाकरीसुद्धा उलटून बघत. काकू म्हणायच्या, "मीच थापलीय ती, बाजारातनं न्हाय आणली."

मोबाइलचंही तेच. मागचं झाकण नखानं निघालं पाहिजे, गाण्यांचं कार्ड काढून शेजाऱ्याला देता आलं पाहिजे. गुळगुळीत फोन दाखवणाऱ्यांना ते विचारत, "उघडत न्हाय? मग मी इकत घेतला का भाड्यानं आणला?"

पुण्याच्या मुलानं काकूंसाठी टॅब आणला, तोही त्यांनी पालथा केला. ना झाकण, ना कार्डाची खाच. "परत कर," म्हणाले. काकू मध्ये पडल्या, "पोरानं हौसेनं आणलंय, ऱ्हाऊ द्या की." बायकोपुढं काकांनी हार मानली.

पुढं काकूंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून काकूंनी टॅबमध्ये बोलून ठेवलं: नातवासाठी गोष्टी, अक्कलकोटकडच्या माहेरची कानडी गाणी, आणि काकांसाठी रोजची हाक, "ऊटक्क बर्री", म्हणजे जेवायला या. ऑपरेशननंतर काकू टॅबवर ती हाक लावायच्या आणि काका मुकाट्यानं पानावर येऊन बसायचे.

मग मुलानं नोकरी बदलली. टॅब त्याच्या ऑफिसच्या खात्यावर चालू केलेला होता. ते खातं बंद झालं आणि टॅबला कुलूप पडलं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, नवा घेऊन देतो." आईचा आवाज आत अडकलाय आणि हा नवा घेऊन देतो! मी नुसता शेजारी, पण मला अजून संताप येतो. आणि त्या टॅबच्या कंपनीचा तर जास्तच. विकताना माल आपला, अडलं की त्यांचा!

मी काकांबरोबर टॅबच्या कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस गोड हसून म्हणाला, "आतलं काही निघणार नाही. सगळं पुसून नव्यासारखा करून देतो."

"पुसून?" काकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "टॅब माझा, बायको माझी, आन् किल्ली तुमच्याकडं? वर पुसून देतो म्हंतोस? लाज वाटत न्हाय?"

टॅब त्यांनी पुसू दिला नाही. तो तसाच कपाटात पडून आहे.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. आठवड्यानं मुलगा माझ्याकडं आला. बाबांचा आवाज कुणाकडं असेल का, विचारायला लागला. माझ्याकडं होता. दुकानातलं ते भांडण काकांनीच मला माझ्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावलं होतं, तक्रारीला पुरावा म्हणून. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला आहे.

मी त्या मोबाइलचं कार्ड काढून काकूंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते छोट्या रेडिओत घालून लावलं. "लाज वाटत न्हाय?" काका घरभर कडाडले. मुलगा खाली मान घालून उभा होता. काकूंनी ते पुन्हा लावलं.