तुऱ्यावरचे वण

माझा ताप उतरला आणि कोंबड्याची वेळ भरली. मी मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा बाबांनी मरीमायला नवस बोलला होता की पोर उठली तर आषाढात कोंबडा देईन. पोर उठली. पण नवसाला नेमका माझाच तांबडा कोंबडा बोलला गेलाय, हे मला उठल्यावर कळलं. तो पिल्लू असताना मी त्याला घारीच्या तावडीतून सोडवलं होतं. माझ्या जिवाच्या बदल्यात त्याचा जीव कशाला, असं विचारायची आमच्या घरात सोय नव्हती.

तेव्हा आम्ही बुऱ्हाणपूरला लालबागेत राहायचो. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे. राजेमहाराजे आपापली संस्थानं सरकारच्या हवाली करत होते, आणि मी एक कोंबडा सोडायला तयार नव्हते.

मागच्या अंगणातल्या कोंबड्या काकीच्या ताब्यात असत. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या, त्यांचे वण चेहराभर होते. लग्नाकार्यात तिला कुणी पुढे बोलवत नसे, आणि तीही मागच्या दारी चुलीपाशी बसून घ्यायची. मला याचा भारी राग यायचा, अजूनही येतो. कोंबड्यांना मात्र तिच्याच हातचं औषध लागू पडायचं. उवा झाल्या की ती त्यांना राखेत लोळवायची, शिंकायला लागल्या की ज्वारीच्या कण्यांत लसूण ठेचून घालायची.

पावसाळ्यात डास वाढले आणि माझ्या कोंबड्याच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड उठले.

"याले देवी आल्या," काकी म्हणाली.

बाबा थोरले दीर, तिच्याशी थेट बोलत नसत. ते आईला म्हणाले, "नीट इलाज करायले सांग तिले. मरीमायले दागी जनावर चालत नाही."

काकीनं कोंबड्याला बाकीच्यांपासून वेगळं काढून टोपल्याखाली ठेवलं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, मिठाच्या कोमट पाण्यानं त्याचे डोळे पुसले, तेलात हळद कालवून कापसानं फोडांवर लावली. मी खपलीला बोट लावलं की हातावर चापट बसायची. "हात नको लावू बरं. दाग रायते."

असल्या पेचात देवानं कुणाला घालू नये. बरा झाला नाही तर कोंबडा असाच मरणार, आणि बरा झाला तर सुरी ठरलेली. खपल्या सुकत चाललेल्या दिसल्या तशी मी रडू लागले, जेवेनाशी झाले. आईनं 'नखरे पुरे' म्हणून दटावलं. काकीनं माझं न शिवलेलं ताट उचलून नेलं.

मग एका सकाळी अंगणात गेले, तर काकी कोंबड्याला मांडीत दाबून बसलेली. नखानं एकेक खपली उचकटत होती. रक्त येत होतं. कोंबडा केकाटत होता आणि काकीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"काकी! तूच म्हणालीस ना, दाग राहतो!"

"हळू बोल," ती म्हणाली. "तुले कोंबडा पाहिजे का देखणा कोंबडा?"

मी गपकन खाली बसले आणि त्याचे पाय धरले.

नवसाचा मंगळवार आला तोवर जखमा भरल्या होत्या. बाबांनी कोंबडा उचलून उजेडात धरला. तुरा पांढऱ्या वणांनी खडबडीत झालेला. "दागी झाला हा," ते आईला म्हणाले, काकीला ऐकू जाईल अशा बेतानं. "काय इलाज केला देव जाणे. बोललेला जीव बदलताही येत नाही. नारळ फोडून मरीमायची माफी मागतो."

काकीनं पदर पुढे ओढून मान खाली घातली. सगळं खरं सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं पदराआडून डोळे वटारले.

बाबा नारळ घेऊन गेले, तशी मी तिला जाऊन बिलगले. विचारलं, "काकी, तू पण लहानपणी खपल्या काढल्या होत्यास?"

"नाही व बाई. मायनं माहे हात बांधून ठेवले होते. तरी राहिले."

मग तिनं पदर मागे सारला, कोंबड्यापुढे मूठभर ज्वारी टाकली आणि म्हणाली, "दागानं कोणाचं भलं झालेलं आज पाह्यलं मी."