जिनातले पाळणे

ती घटना आजही आठवते, पण तिच्यातल्या गुन्ह्यामुळे नव्हे. गुन्हा तसा किरकोळच होता. एकोणीसशे साठ नुकतंच उलटलं होतं आणि मी यवतमाळला ठाणेदार होतो. एका सोमवारी सकाळी कापसाच्या एका जिनाचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, मॅनेजर तणतणत ठाण्यात आले. रविवारच्या सुट्टीत त्यांच्या पाळणाघरातले सगळे पाळणे कोणीतरी दोर कापून खाली पाडले होते.

जास्त बायका कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर हवं, असा कायदा झाला होता. मालकाने तो कुरकुरत पाळला होता. एक खोली, लाकडी पाळणे, एक आया आणि दुपारी वाटीभर दूध. पंचनाम्याला गेलो तर प्रत्येक पाळण्यात चिंधीत गुंडाळलेला एक गोटा निघाला. करणी झाली, अशी बोंब उठली. बाया भ्याल्या आणि लेकरं घेऊन यंत्रांच्या फिरत्या पट्ट्यांजवळ कामाला बसू लागल्या. एखादं पोर पट्ट्यात सापडायला कितीसा वेळ लागतो? मॅनेजर म्हणाले, बायांनाच नको असेल तर खोली बंद करून टाकतो. त्यांच्या सुरात मला काही दुःख जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी खबर आली, की कामावरून काढलेल्या एका मजुराने हे भगताकडून करवून घेतलं. भगताला आणलं, दम दिला, मग चहाही पाजला. तो एकच म्हणत राहिला. करणीला लिंबू लागतो, बिब्बा लागतो. गोटे कोण ठेवतं?

ते मला पटलं. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, हे मी घरी पाहिलं होतं. रिकामा पाळणा हलू नये, ही काळजी लेकुरवाळीची. पण स्वतःच्या लेकराचा पाळणा कोणती आई कापेल? जिला पाळणा मिळालाच नाही, अशी बाई शोधायची होती.

आयाला विचारलं. मुकादमाच्या टोळीतली, सरकीच्या पाट्या वाहणारी एक बाई रोज खिडकीशी येऊन उभी राहते, असं तिने सांगितलं. ही बाई लोहारा गावाकडून तान्ह्या पोरीला घेऊन पायी यायची. पाळणे फक्त जिनाच्या हजेरीवरच्या बायांसाठी. टोळीतल्या बाया मुकादमाच्या, म्हणून त्यांची लेकरं सरकीच्या ढिगाशी. फाटक मात्र सगळ्यांचं एकच.

तिला बोलावलं. आधी ती साफ नाही म्हणाली. मग मी गोटा तिच्यापुढे ठेवला आणि हा कशाला ठेवलास, एवढंच विचारलं. तिने सुटलेली चिंधी गोट्याला पुन्हा गुंडाळली.

"रिकामा पायना हालला तं लेकराचं पोट दुखते, साहेब. लेकरायनं माहं काय केलं?"

"मग दोर काहून कापले?"

"त्याईचं लेकरू दूध पेऊन झोक्यात निजे, न् माही पोरगी सरकीत खोकत राहे. पाह्यलं का पोटात आग पडे माह्या. म्हटलं, माह्या पोरीले नाही तं कोणालेच नाही."

हेवा काही तिला एकटीलाच नव्हता. टोळीच्या लेकरांनाही आत घ्या, असं मी मॅनेजरांना सुचवलं, तर हजेरीवरच्या बायाच आडव्या आल्या. आमच्या पोरांच्या दुधात पाणी घालता का, म्हणाल्या. माझा हवालदारही पुटपुटला, की पोलीस लाइनीतल्या पोरांसाठी कोण पाळणे टांगतं!

नुकसानीचा गुन्हा नोंदला. जबाब, पंच, सह्या होईस्तोवर तिला ठाण्यात बसवणं भाग होतं. पोरगी रडू लागली, तेव्हा त्याच हवालदाराने व्हरांड्याच्या तुळईला घोंगडीची झोळी बांधली आणि लाइनीतून दूध मागवलं. पोरगी पोटभर प्याली आणि निजली.

पुढे कोर्टाने तिला समज देऊन सोडलं. पाळणाघर जुन्याच नियमाने पुन्हा सुरू झालं. हेवेखोर माणसाला आपण सहज नावं ठेवतो. मीही ठेवायचो. पण एका फाटकातून आत आलेल्या लेकरांत कोणी रेघ ओढली, की तिथे हेवा उगवणारच. दोर कापणारीला कलम लागलं. रेघ ओढणाऱ्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं.

त्या दिवशी कागद पुरे झाल्यावर मी तिला घरी जा म्हटलं. ती उठली नाही. झोळीत निजलेल्या पोरीकडे पाहत तिने विचारलं, "साहेब, उद्या बी बोलावता का मले?"