मडमेचं साटीन

भूतं, करणी, भास असलं काही ऐकलं की मला जांभई येते. जुनी तैलचित्रं साफ करणं हा माझा धंदा. कित्येक मेलेल्या माणसांच्या गालांवरून कापूस फिरवलाय, एकानंही कधी डोळा मिचकावला नाही! तरी मागच्या हिवाळ्यात मुरुडला जे झालं ते सांगतेच.

तिथल्या खतिजाचाचींच्या घरी एका युरोपियन बाईचं दोनशे वर्षांपूर्वीचं पोर्ट्रेट आहे. त्यांच्या आजेसासऱ्यांनी व्यापाराच्या फेरीत आणलेलं. मोत्यांची माळ, पांढरं साटीन... त्या काळचे चित्रकार बाईची श्रीमंती कापडावरच्या उजेडातून दाखवत. इथेही प्रत्येक चुणीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा जाड थर होता, बोटाला लागेल असा. खांदे उघडे, म्हणून मडम पहिल्यापासून आतल्या, बायकांच्या खोलीत. विधवा झाल्यापासून चाची दुपारी तिच्यासमोर सुपारी कातरत बसत, तिच्याशी बोलत.

मी काजळी काढली, साटीन झळाळलं. झालं! दुबईहून सुट्टीवर आलेला चाचींचा मुलगा रियाज म्हणाला, "ताई, एवढी खानदानी चीज आत कशाला? बैठकीत लावू, चार लोक बघतील."

चाचींनी अडकित्ता मिटून ठेवला. मला वाईट वाटलं, पण घर त्यांचं.

दुसऱ्या दुपारी बैठकीत टांगलेलं चित्र बघते तर साटीनचा मांजरपाट झालेला! उजेड भरपूर, वर दिवाही. बोट फिरवलं — सपाट. आदल्या दिवशीचा मोबाइलमधला फोटो मात्र लखलखीत. आपणच चित्राची वाट लावली की काय!

चाची आल्या, बघून हसल्याच. "घाबरू नको पोरी, तुजी काय चूक न्हाय. रियाज, इतकी वर्सं ती परद्यात ऱ्हायली. गैरमर्दांसमोर बसवलीस, ती काय नटून बसनार हाय?"

"अम्मी, चित्र हाय ते!"

पण परत आत लावून बघू, असा मी हट्टच धरला. कुरकुरत त्यानंच ती आत नेऊन टांगली. मी बोट टेकवलं... थर होता! प्रत्येक चुणीवर.

चाचींचे डोळे भरले. "मला वाटला, आता दुपारची मी एकटीच."

रियाजनं चौकट सरळ केली. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे अम्मी. तुजीच हाय ती."

दमट हवा, व्हार्निश, माझे डोळे — सगळं तपासून झालं. त्याच आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा चाची बाजारात होत्या, आतल्या खोलीत कुणीच नव्हतं. माझ्यासाठी खुर्ची आणायला रियाज तिकडे निघाला... आणि दारात थांबून आधी खाकरला.