सात खड्यांच्या कुड्या

अमेरिकन डायमंडचा अमेरिकेशी काही संबंध नसतो आणि डायमंडशी तर नसतोच. तरीही तसल्या कुड्या माझ्या कानात हिऱ्याच्या म्हणून बरीच वर्षं मिरवल्या. त्याचं श्रेय माझं आहे. नवऱ्याने नुसती थाप मारली. ती थाप घासूनपुसून चकचकीत ठेवायचं काम मी केलं.

त्याने सरकारी नोकरी सोडली तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचं सगळं बस्तान होतं. मानेसरला नवी कंपनी निघाली होती, पगार भरघोस होता, पण सासूबाईंना दिसत होतं ते एवढंच, की पेन्शन गेलं आणि क्वार्टर गेलं. आम्ही द्वारकेत सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आलो. त्या मागेच राहिल्या, त्याच कॉलनीत, सरकारी नोकरी न सोडणाऱ्या धाकट्या दिरांकडे. मोठ्या मुलाने चूक केली असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. ते ह्याला फार लागलं. एक दिवस त्याने फोनवर ठोकून दिलं, "आई, बोनस मिळाला. हिला हिऱ्याच्या कुड्या केल्या."

दुसऱ्या दिवशी सदर बाजारातून कागदाच्या पुडीतल्या कुड्या आल्या.

"थोडं सांभाळून घे यार," तो म्हणाला. "जरा सेटल होऊ दे, मग खऱ्या करू. बिल्कुल प्रॉमिस."

मी सांभाळून घेतलं, कारण मला त्याची दया आली. शिवाय ह्या खोट्या कुड्यांची मला फिकीर नव्हती. माझा जीव अडकला होता सासूबाईंच्या खऱ्या कुड्यांत. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला त्यांनी सात खड्यांच्या आपल्या हिऱ्याच्या कुड्या स्वतःच्या कानातून काढून माझ्या कानात घातल्या होत्या. "ह्या घरातल्या मोठ्या सुनेच्या," त्या म्हणाल्या होत्या. "माझ्या सासूबाईंनी मला दिल्या, मी तुला देणार." संध्याकाळी परत घेतल्या, जपून ठेवते म्हणाल्या. माहेरून मी आणल्या होत्या नुसत्या बारीक रिंगा. दर दसऱ्याआधी त्या कुड्या धुवायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी ते मनापासून करायचे, पुढे माझ्या होणार म्हणून. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या दागिन्याची मला एवढी ओढ लागली नाही.

खरा हिरा कसा दिसतो ते म्हणूनच मला पाठ होतं. पुडीतल्या कुड्या बघताक्षणी कळलं, की ह्या फार बोलतात. खाली एकेक मोती लोंबत होता, तो मी पकडीने काढून टाकला. दागिना लगेच निम्म्याने खरा वाटायला लागला. मग पितळी मळसूत्र आणि फिरकी. बायका कुडी समोरून बघतात आणि पारख मागून करतात. करोलबागेतल्या सोनाराकडे जाऊन मी माझ्या एका रिंगेचं सोनं मोडलं आणि त्यातून मागची दांडी आणि फिरकी सोन्याची बसवून घेतली. माझ्या माहेरचं तेवढं सोनं त्या काचांच्या पाठीला गेलं.

बाकी सगळं घरी. टूथपेस्टने घासा असं शेजारणी सांगायच्या, पण त्याने खड्यांवर चरे पडतात. मी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचे आणि लहान बाळाच्या ब्रशने हलक्या हाताने पुसायचे. पाण्यात बुडवायचं नाही, नाहीतर डिंक सुटतो आणि खड्यामागचा चंदेरी पत्रा काळा पडतो. द्वारकेत तेव्हा पाणी टँकरचं, इतकं जड की प्रत्येक खड्यावर पांढरी साय धरायची. म्हणून कुड्यांना प्यायच्या पाण्यातलं पाणी. मग मलमलवर पालथ्या घालून वाळवायच्या आणि मागच्या धातूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, खड्याला न लावता. शेवटी बोटाला डोक्याचं तेल पुसून ते बोट खड्यांवरून अगदी ओझरतं फिरवायचं. खोट्या खड्यांतून सगळे रंग एकदम नाचतात. रोज घातलेला खरा हिरा इतका नाचत नाही. चांगलं दिसण्यासाठी मला त्या थोड्या वाईट करायला लागायच्या.

सोसायटीतल्या बायका किटी पार्टीत माझा कान धरून बघायच्या. "भाभीजी, कितने के?" मी हसायचे. नवरा लांबून बघत खूश व्हायचा. खऱ्या करायचं प्रॉमिस कधी मावळलं ते कळलंही नाही. ह्याच चालून जात होत्या ना.

धाकट्या दिरांना मुलगी झाली. बारशाला क्वार्टरमध्ये कॉलनीतल्या मराठी बायका जमल्या होत्या. पाळणा म्हणून झाला आणि सासूबाई आतून लाल डबी घेऊन आल्या. मला उगीचच वाटलं, आज देणार. मी पदर सारखा केला, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

त्या जावेच्या शेजारी बसल्या. "खरं म्हणजे ह्या मोठीच्या," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पण तिला तिच्या नवऱ्यानेच केल्यात. बघा तरी, माझ्यापेक्षा तिच्या खड्यांना पाणी जास्त आहे. तेव्हा ह्या आता हिला." आणि अभिमानाने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात खोट नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो कॅमेऱ्यात रोल भरत होता. रोल भरायला इतका वेळ लागत नाही.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "तू ग्रेट आहेस यार. आईलासुद्धा कळलं नाही."

"माझ्या कुड्या गेल्या," मी म्हटलं.

"अगं, आता तिथे सगळ्यांसमोर काय सांगणार होतो मी?"

त्या दिवसापासून मी कुड्यांच्या साफसफाईला हात लावला नाही. घालायचे मात्र रोज. टँकरच्याच पाण्याने त्या घालूनच आंघोळ करायची, त्या घालूनच स्वयंपाक. आधी साय धरली, मग नेलपॉलिश गेलं, मग एकेक खडा मागून काळवंडत गेला. रोज सकाळी आरशात बघून मला आसुरी आनंद व्हायचा. नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही. तो माझ्या कानांकडे बघायचा ते फक्त चारचौघांत.

दसऱ्याला आम्ही लक्ष्मीबाई नगरला गेलो. जाऊ आत पुऱ्या तळत होती, तिच्या कानात त्या खऱ्या कुड्या लखलखत होत्या. मी मुद्दाम खिडकीपाशी, सासूबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी माझी हनुवटी धरून कान उजेडाकडे वळवला.

"हे काय ग करून ठेवलंस? हिरे असे वागवतात? बरं झालं बाई, माझ्या तुला दिल्या नाहीत."

आता तरी तो बोलेल असं मला वाटलं. तो बोलला. "मी सांगतच असतो हिला, वस्तू सांभाळून वापरत जा."

माझं डोकं फिरलं. मी दोन्ही फिरक्या काढल्या आणि कुड्या सासूबाईंच्या तळहातावर ठेवल्या. "काच आहे, आई. पहिल्या दिवसापासून काचच आहे. सोनं आहे ते तेवढं मागच्या दांडीचं आणि फिरकीचं, तेही माझ्या माहेरचं. विचारा तुमच्या मुलाला."

त्याने पेपर वर धरला. सासूबाई हातातल्या कुड्यांकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे बघितलं, पेपरच्या मागे जेवढा दिसत होता तेवढ्याकडे. त्यांचा चेहरा पडला आणि लगेच सावरला. मला वाटलं, आता जावेला बाहेर बोलावून कुड्या उतरवायला सांगतील. निदान त्याला चार शब्द ऐकवतील.

त्यांनी मूठ मिटली. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "ती आत आहे, ऐकेल."

मग माझा हात ओढून त्यांनी कुड्या परत माझ्या हातात ठेवल्या. "जेवायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन स्वच्छ कर आणि घाल. तुला छान जमतं ते."