बाच्या चपला

"चपला हातात घे," सर म्हणाले. माह्या बाले.

घाटंजीच्या आमच्या होस्टेलात ऑफिसपुढं नवी फरशी टाकली होती. बानं चपला काढल्या, हातात धरल्या अन् दारात उभा राह्यला. त्याच्या आधी एका पोराचा बाप चिखलाच्या बुटानं त्याच फरशीवरून आत गेलता. त्याले खुर्ची भेटली, चहा भेटला. त्याच्याच पोराले मी हाणलं होतं. काहून? तर तो मले रोज जंगली म्हने. आम्ही कोलाम आदिवासी न!

"हा कोण? तुझ्या बापाला बोलावलं होतं," सर म्हणाले.

सगळे पोरं पाहून राह्यले होते. मी म्हनलो, "बाप कामावर गेला. हा आमच्या पोडावरचा मानूस आहे." पोड म्हंजे आमची वस्ती.

बानं माह्याकडं पाह्यलं नाही. सराले म्हने, "हौ जी. पोडावरचाच."

लेकहो, माहं खोटं त्यानं निभावून नेलं! अन् मले राग सराचा नाही, त्याचाच आला. असा कसा बाप? तोंड आहे का नाही याले?

मले पंधरा दिवस घरी धाडलं. पहिलीपासून मी होस्टेलात. पोडावर सगळे कोलामीत बोलत, मले अर्धं समजे, बोलता काहीच येये ना. बारके पोरं खिदळत. डोकं फिरून जाय. एक दिवस चावडीत बैठक होती, तर मी बुटं घालूनच चढलो.

आजा म्हने, "बाप्पा, बुटं काढ. इथं आपले ढोल असतात, देव असते. आपन चपला इथंच काढतो. मानसापुढं नाही."

बा वाकला अन् सगळ्यायपुढं माह्या बुटाची लेस सोडू लागला. मले भडभडून आलं.

"मंग तू तिथं काहून काढल्या, बा?"

"तुले होस्टेलातून काढू नये म्हनून."

होस्टेलात काय बोललो ते मी तिथंच सांगून टाकलं. कोनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सुट्टी सरल्यावर बा अन् मी संगंच गेलो.

"सर, हा माहा बाप. चपला नाही काढनार."

"मग दाखला घेऊन चालता हो."

"द्या."

अजून दिला नाही. उद्या ये, परवा ये. डोक्याचा पार भुगा झाला. तरी दर सोमवारी जातो आम्ही, चपला घालून. फरशी खराब होते म्हनतात.

होऊ द्या.