भिमाआबांचं पहिलं नको

इंदुरीच्या भिमाजींना उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही. गावाने त्यांच्या या गुणाचा मान राखला, म्हणजे पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यांची शिडी, फवारणीचा पंप, मोटारसायकल कधी त्यांच्या घरी नांदली नाही. एकदा शेजारच्या हौशीरामने त्यांचीच शिडी परस्पर तिसऱ्याला दिली आणि ती परत आणायला भिमाजींनाच पाठवलं. भिमाजी गेले.

"माझं लगीनबी असंच ठरलं," त्यांच्या पत्नी रतनबाई सांगत. "माझ्या बापानं इचारलं, हे व्हय म्हणले. आदी दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर तिकडं गेले असते."

यंदा भाताची लावणी उरकली आणि भिमाजींचं पोट बिघडलं. जुलाब, उलट्या, त्यात चिखलात दिवस काढल्यामुळे मांड्यांना खाज. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. पूर्वी लोक मोसंबी आणत, आता गोळी आणतात. आपल्याला लागू पडलेली, पाकिटात उरलेली गोळी दुसऱ्याला देण्यात मोठी माया असते. दवाखान्यातली जुलाबाची औषधं चालू होतीच. हौशीरामने वर उलटीची गोळी दिली. परंदवडीहून थोरली बहीण भागुबाई आली, तिने आपल्या नायट्याच्या उरलेल्या कॅप्सूल दिल्या.

"मला लय गुण आला, भिमा. घे माझ्यासमूर."

भिमाजींनी सगळ्यांचा मान राखला. तिसऱ्या दिवशी हौशीरामने पंप मागितला म्हणून ते उठले, आणि उंबऱ्यातच कोसळले. क्षणभराने डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "व्हय, देतो."

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. कागदाकडे बघून त्यांनी विचारलं, "कोणकोणती औषधं घेतलीत?" रतनबाईंनी पिशवी टेबलावर पालथी केली.

"हे सगळं एकदम?"

"समद्यांनी मायेनं दिलंया," भिमाजी म्हणाले.

"आबा, ज्याची त्याला एकेक चालली असेल. पण यातल्या काही गोळ्या हृदयाची लय बिघडवतात, आणि या खाजेच्या कॅप्सूलने उलटीच्या गोळीचा जोर आणखी वाढतो. जुलाबात अंगातले क्षार गेले, ते वेगळंच." त्यांनी कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तुमच्या हृदयाला तो फार लागतोय. झोका परत येत असताना कुणी मधेच धक्का दिला तर कसा वेडावाकडा जातो? तसे ठोके होतात. डोक्याला रक्त पोचत नाही, माणूस पडतो. या वेळी उठलात. दर वेळी उठालच असं नाही."

गोळ्या बंद झाल्या, सलाइनमधून क्षार गेले, रेघ बरीच सुधारली, पूर्ण नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "कदाचित तुमच्या हृदयाची ठेवण मुळातच तशी असेल, ते आपण पुढे तपासू. पण आता पथ्य एकच. मला विचारल्याशिवाय कुणाची गोळी घ्यायची नाही. दिली तर 'नको' म्हणायचं. जमेल?"

"व्हय," भिमाजी म्हणाले.

डॉक्टरांचं समाधान झालं. रतनबाईंना त्या 'व्हय'ची किंमत माहीत होती. घरी येताच त्यांनी सराव सुरू केला. लिमलेटची गोळी पुढे करून म्हणाल्या, "घ्या."

भिमाजींनी तोंडात टाकली.

"मेलात तुमी," रतनबाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात भागुबाई आली. आई गेल्यावर भिमाजींना तिनेच भरवलं होतं. ते शिंकले आणि तिचा हात सवयीने कमरेच्या पिशवीत गेला. "सर्दीची हाय. घे."

भिमाजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. नुसतं नको म्हटलं तर ती दुखावणार. कारण सांगायचं तर तिच्याच कॅप्सूलचं नाव घ्यावं लागणार.

"आक्का, नको."

"काय म्हणलास?"

"नको."

"माझ्या हातचं नको?"

रतनबाई चुलीपाशी उसळल्या. "वन्सं, तुमच्याच त्या…"

"रतन, न्हाई! बोलायचं न्हाई," भिमाजी म्हणाले. जन्मभर न जमलेलं एका बैठकीत दोघींपुढे जमलं. भागुबाईने चहाला हात लावला नाही. जाताना म्हणाली, "त्या डाक्टरीनबाईनं भारलाय याला. बघतेच तिला."

गावात बोलबाला झाला की आबांचा आजार बळावला, आता ते नकोसुद्धा म्हणतात.

भागुबाई खरंच तळेगावला गेली, भांडायला. तिथे काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. कुठल्या औषधाने काय झालं, एवढंच समजावलं होतं.

हौशीरामच्या नातवाच्या बारशाला ती आली. भावाकडे बघितलं नाही, बायकांत जाऊन बसली. पंगतीत भिमाजी खोकले. हौशीरामने लगेच खिशातून पाकीट काढलं. "आबा, घ्या एक."

भिमाजींनी तोंड उघडलं. त्यातून काय निघणार होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"ए हौश्या!" पलीकडून भागुबाई कडाडली. "ठेव ती खिशात! त्याला गोळी दिलीस तर गाठ माझ्याशी हाय!"

पंगत थांबली. हौशीराम बावचळून म्हणाला, "मावशे, आबाला तरी इचार."

"त्याला काय इचारायचं? व्हय म्हणंल तो."

भिमाजींनी मान डोलावली. भागुबाई उठून त्यांच्यापाशी आली. पिशवीत हात घातला. तिने एक मोसंबं काढून भावाच्या पानाशेजारी ठेवलं.

"हे चालतंय. इचारून आलीया," ती म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत बायकांत परत गेली.